एकाच बकरीच्या दोन पाठी, मग फरक कशाचा? पोटातले जंतू अन् जीन्स

यवतमाळकडच्या एका भावाचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. बकरीनं दोन पाठी (मादी पिल्लं) दिल्या अन् आठव्या दिवशी बकरी मेली. एक पाठ मामानं नेली, तिथं दुसरी दुधाची बकरी होती, तिला लावली, पंधरा दिवसात ती कळपासोबत फिरायला लागली. दुसरी घरीच ठेवली, लेकरांनी बाटलीनं दूध पाजलं, बिस्किटं चारली, कणकेची पेज दिली, अंगणात फरशीवर बांधून. आता साडेचार महिने झाले, मामाची पाठ १४ किलो अन् घरची ८ किलो, पोट नुसतं मडक्यासारखं. भाऊ विचारतात की दोघींचे जीन्स तर एकच, मग हे काऊन झालं, पोटातले जंतू जीन्स बदलवतात असं कुणीतरी सांगितलं ते खरं का, अन् दुकानदार जंतूंची पावडर देऊन राहिला ती घ्यावी का.

मी जनावरांचा डॉक्टर आहे, २७ वर्षं याच भागात गाई-म्हशी-बकऱ्या पाहून राहिलो, अन् हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा लांब लिहितो, सवडीनं वाचा.

पहिले एक दुरुस्ती. बकरीची जुळी बहुतेक दोन वेगळ्या बीजांची असतात, म्हणजे आपल्या सख्ख्या बहिणी असतात तशा, जीन्स सरासरी अर्धे सारखे. त्यामुळं थोडा फरक जन्माचाच असू शकतो. पण ६ किलोचा फरक फक्त त्याच्यावर ढकलता येत नाही. आणि दुसरी गोष्ट, जंतू जीन्स "बदलवत" नाहीत. जीन म्हणजे डीएनएवर लिहिलेला मजकूर, तो जन्मभर तोच राहते. (अपवाद आहे, माणसाच्या आतड्यातल्या काही ई. कोलाय जातीचे जंतू असं विष बनवतात की त्यानं पेशीच्या डीएनएवर खरोखर ओरखडे पडतात, २०२० मध्ये ते पक्कं दाखवलं गेलं, पण तो आजाराचा विषय आहे.) जंतू जे करतात ते वेगळं आहे, कोणता जीन कधी चालू, किती चालू अन् कधी बंद, यात ते हात घालतात. आतड्याच्या पेशीत अन् डोळ्याच्या पेशीत मजकूर एकच आहे पण आतड्याची पेशी आतड्यासारखी वागते कारण तिच्यात वेगळे जीन्स उघडे आहेत. या उघडझापीलाच जीन रेग्युलेशन म्हणतात.

आता बकरीच्या पोटात चला, कारण हे समजून घ्यायला रवंथ करणाऱ्या जनावरासारखं दुसरं पुस्तक नाही.

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला चार कप्प्यांपैकी खरा कामाचा चौथाच असतो. दूध प्यायलं की अन्ननळीच्या खालच्या टोकाशी एक पन्हळ मिटते अन् दूध थेट चौथ्या कप्प्यात जातं, पहिला कप्पा म्हणजे रुमेन, आपण ज्याला मोठं पोट म्हणतो, तो तेव्हा एक चपटी पिशवी असते, आतून गुळगुळीत. मोठ्या बकरीचं तेच पोट कापून पाहिलं तर आतून टॉवेलसारखं दिसतं, बारीक बारीक जिभांसारखे केस, त्याला पॅपिली म्हणतात, अन्न शोषायचं काम तिथं होतं. आता प्रश्न हा की गुळगुळीत पिशवीचा टॉवेल कशानं होतो? वयानं होतो असं वाटेल, पण नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत वासरांवर प्रयोग झाले, नुसत्या दुधावर ठेवलेल्या वासरांच्या पोटात प्लास्टिकचे स्पंज टाकले, म्हणजे भार झाला पण आंबायला काही नाही, तर पोट मोठं झालं पण आतून गुळगुळीतच राहिलं. अन् ज्यांच्या पोटात ब्युटिरेट अन् प्रोपियोनेट ही आम्लं सोडली त्यांच्यात पॅपिली फुटल्या. ही आम्लं कोण बनवतं? जंतू. कुटार (पिकाचा वाळला भुसा), पाला, भरडा पोटात आंबवून ते अ‍ॅसिटेट, प्रोपियोनेट, ब्युटिरेट तयार करतात, अन् मोठ्या जनावराची बहुतांश ताकद याच आम्लांतून येते, गवतातून थेट नाही.

म्हणजे बघा, पॅपिली बनवायचा मजकूर पिल्लाजवळ जन्मापासून आहे, पण तो वाचायला लागायचा निरोप जंतूंकडून येतो. घरच्या पाठीला तो निरोप फार उशिरा अन् फार कमी मिळाला. तिची पेज अन् बिस्किटं आंबली असतील पण चुकीच्या पद्धतीनं, फुगवटा त्याचाच असावा, अन् कळपातल्या मोठ्या बकऱ्यांच्या तोंडची लाळ, लेंड्या, पाला यातून जे जंतू मामाच्या पाठीला फुकट मिळाले ते हिला फरशीवर मिळाले नाहीत.

आता तो निरोप पेशीच्या आत पोचतो कसा, हा सगळ्यात गोड भाग आहे. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर जवळपास २ मीटर भरतो अन् तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. आपल्याकडं जिनिंगमधून गठान बांधून निघते ती डोळ्यासमोर आणा, दाबून आवळलेल्या गठानीतून मूठभर रुई ओढता येत नाही, पट्टी सैल केली की येते. तसंच हिस्टोन घट्ट असले की तिथला जीन वाचता येत नाही, हिस्टोनवर अ‍ॅसिटिल नावाचा छोटा गट चिकटला की गठान सैल होते अन् जीन उघडतो. पेशीत हे अ‍ॅसिटिल काढून टाकणारे कामगार असतात, हिस्टोन डीअ‍ॅसिटिलेज, त्याला एचडॅक म्हणतात. ब्युटिरेट या कामगाराचा हात धरून ठेवतो. मग अ‍ॅसिटिल जागेवर राहतात, गठान सैल राहते. हे पेशींमध्ये पहिल्यांदा १९७७ साली दिसलं, त्या कामात पोटातल्या जंतूंचा विषयच नव्हता, ब्युटिरेट एक रसायन म्हणून टाकून पाहिलं होतं.

आणि ब्युटिरेट फक्त निरोप नाही, ते अन्नही आहे. माणसाच्या अन् उंदराच्या मोठ्या आतड्याच्या पेशी आपली साधारण ७० टक्के ताकद ब्युटिरेट जाळून घेतात. जर्म-फ्री उंदीर असतात, म्हणजे जन्मापासून बंद पेटीत वाढवलेले, अंगात एकही जंतू नाही, त्यांच्या मोठ्या आतड्याच्या पेशी २०११ मध्ये तपासल्या तर त्या उपाशी निघाल्या, स्वतःलाच खाऊन राहिल्या होत्या, अन् ब्युटिरेट दिल्यावर सावरल्या. पुढच्या वर्षी त्याच गटानं अजून एक धागा काढला. निरोगी पेशी ब्युटिरेट जाळते अन् त्यातून अ‍ॅसिटिल गट तयार होतात, कॅन्सरची पेशी ते नीट जाळत नाही कारण ती साखरेवर जगते, म्हणून तिच्यात ब्युटिरेट साचतं अन् एचडॅकला दाबतं, परिणामी तीच वस्तू एका पेशीला वाढवते अन् दुसरीची वाढ रोखते. मला हे वाचून रात्री झोप आली नव्हती खरं सांगतो, कारण आमच्या शास्त्रातही एक जुनं कोडं होतं, काचेच्या डब्यात वाढवलेल्या पेशींना ब्युटिरेट दिलं की वाढ थांबते अन् जिवंत जनावराच्या पोटात दिलं की वाढते. डबा अन् जनावर यात फरक आहे हे विसरू नये, कारण पावडरवाले नेहमी डब्यातला निकाल दाखवतात.

रोगप्रतिकारशक्तीचंही असंच आहे. २०१३ मध्ये एकाच वर्षी तीन वेगवेगळ्या गटांनी उंदरांवर दाखवलं की जंतूंनी बनवलेल्या या आम्लांमुळं आतड्यात शांत करणाऱ्या टी-पेशी वाढतात, त्यातल्या दोघांनी ब्युटिरेटवर बोट ठेवलं, त्या पेशींचा मुख्य जीन फॉक्सपी-३ आहे अन् तिथली गठान ब्युटिरेटनं सैल होते. या पेशी नसतील तर शरीर आपल्याच अन्नावर अन् आपल्याच जंतूंवर चाल करून जातं, आतडं सुजतं. अन् २०१६ मध्ये दिसलं की परिणाम फक्त आतड्यात थांबत नाही, जंतू असलेल्या अन् नसलेल्या उंदरांच्या यकृतात अन् चरबीतही हिस्टोनच्या खुणा वेगळ्या होत्या, जर्म-फ्री उंदरांना नुसती ती आम्लं पाजली तर खुणा बऱ्याच अंशी जंतूवाल्या उंदरांसारख्या झाल्या. पण साखर-चरबीचा पाश्चिमात्य आहार दिल्यावर मात्र हा परिणाम दबला. पोटात जंतू असून भागत नाही, त्यांना आंबवायला तंतू पाहिजे.

एवढ्यावरून असं समजू नका की जंतू नेहमी गठान सैलच करतात. २०१९ मध्ये दिसलं की उंदराच्या लहान आतड्यात जंतूंमुळं एचडॅक-३ हा कामगार उलट वाढतो, अन् त्याच्यामुळं चरबी शोषणारे जीन्स दिवसरात्रीच्या तालावर उघडतात-मिटतात. जंतू नसलेल्या उंदरांत तो ताल गेला. म्हणून जनावराला रोज ठरल्या वेळेला चारा-पाणी द्या असं आपले म्हातारे सांगत आले त्यात मला आता जास्तच अर्थ दिसतो, बकरीत हे तसंच मोजलेलं आहे असा माझा दावा नाही, पण मी स्वतः वेळ पाळतो अन् पाळायला सांगतो.

मिथाइल नावाची दुसरी खूण असते, ती थेट डीएनएवर बसते अन् बहुतेक वेळा जीन मिटवते. ती बनवायला फोलेट, बी-१२, मेथिओनिन, कोलीन लागतं. गाय-बकरीला बी-१२ चाऱ्यातून मिळतच नाही, पोटातले जंतू कोबाल्टपासून तो बनवतात, म्हणून खनिज मिश्रणात कोबाल्ट असतं. इथं जंतू देणारे आहेत. पण ते घेणारेही असतात, २०१७ च्या एका उंदरांच्या कामात कोलीन खाऊन टाकणारे जंतू पोटात घातले तर आईच्या अन् पिल्लांच्याही डीएनएवरच्या मिथाइल खुणा बदलल्या.

आता उलटी बाजू, म्हणजे जनावर अन् त्याचे जीन्स जंतूंवर काय करतात ते. जनावर मुकाट्यानं बसलेलं नसतं.

सगळ्यात सुंदर उदाहरण बॅक्टेरॉइड्स थीटाआयोटाओमायक्रॉन या लांबलचक नावाच्या जंतूचं. १९९० च्या दशकात अमेरिकेत जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत जर्म-फ्री उंदरात हा एकच जंतू सोडला, तर आतड्याच्या पेशींनी आपल्या पृष्ठभागावर फ्यूकोज नावाची साखर लावायला सुरुवात केली, अन् हा जंतू तीच साखर खातो. म्हणजे पाहुण्यानं घरच्या बाईकडून आपल्या आवडीचं रांधून घ्यावं तसं. अन् ती साखर लावायचा जीनच ज्याच्यात बिघडलेला आहे त्याच्या पोटात पंगतच वेगळी बसणार. डुकरांमध्ये २०२२ ला अगदी असंच मिळालं, रक्तगटाच्या एबीओ जीनमधला एक तुकडा गळालेला असला तर आतड्यातली एक साखर कमी होते अन् तिच्यावर जगणाऱ्या जंतूंची संख्या पडते. माणसांत मोठेपणी दूध न पचणाऱ्यांच्या पोटात बायफिडो जंतू जास्त सापडतात, कारण न पचलेली दुधातली साखर खाली जाऊन त्यांचं जेवण होते.

जनावर निरोपही धाडतं. २०१६ मध्ये सापडलं की आतड्याच्या पेशी मायक्रो-आरएनए नावाचे छोटे तुकडे बाहेर सोडतात, ते शेणात मिळतात, काही जंतूंच्या आत शिरतात अन् जंतूंचे जीन्स वरखाली करतात. ज्या उंदरांच्या पेशींना हे तुकडे बनवताच येत नव्हते त्यांची जंतूंची वस्ती विस्कटली होती. म्हणजे आपण ज्याला घाण म्हणून फेकतो त्यात पत्रव्यवहार चालू असतो.

अन् गाईंचे दोन अभ्यास तर प्रत्येक दूधवाल्यानं ऐकावे. २०१० मध्ये दोन-दोन गाईंच्या जोड्या करून त्यांच्या मोठ्या पोटातला जवळपास सगळा माल एकमेकींत अदलाबदल केला. एका दिवसात पोटाचं आम्लपण अन् आम्लांचं प्रमाण जिची-तिचं परत आलं, अन् काही आठवड्यांत जंतूंची वस्तीही आपल्या जुन्या वळणाकडं सरकली, कुणाची जास्त कुणाची कमी. दुसरा २०१९ चा, चार युरोपीय देशांतल्या १,०१६ दुधाळ गाईंचा. त्यात मोठ्या पोटातले ३९ जंतू असे निघाले की ते कोणत्या गाईत किती राहतील हे काही प्रमाणात गाईच्या आनुवंशिकतेवर ठरते, अन् दूध, मिथेन याच्याशी त्यांचा संबंध होता. ३९ म्हणजे हजारोंतले थोडेच, बाकीचे चारा, पाणी, वय, कोठा यावर जातात. म्हणून "सगळं जातीवर" म्हणणाराही चुकतो अन् "सगळं खुराकावर" म्हणणाराही.

सुबाभळीची गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण आपल्या धुऱ्यावर सुबाभूळ आहे. तिच्यात मिमोसिन नावाचं विष असतं. ऑस्ट्रेलियात ती चारून गुरांचे केस गळत, गळ्याची गाठ सुजत असे. पण हवाई बेटावरच्या बकऱ्या मजेत खात. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांच्या लक्षात आलं की फरक बकरीत नसून तिच्या पोटातल्या जंतूंत आहे, १९८० च्या दशकात ते जंतू ऑस्ट्रेलियात नेऊन गुरांच्या पोटात घातले अन् त्रास थांबला. त्या जंतूला नंतर सिनर्जिस्टेस जोन्सी नाव दिलं. बकरीजवळ ते विष फोडायचा जीन नाही, तिनं तो भाड्यानं घेतला म्हणा. आपल्याकडं सवय नसलेल्या जनावराला एकदम सुबाभूळ भरपूर टाकू नका, थोडी थोडी अन् दुसऱ्या पाल्यात मिसळून द्या.

माणसाच्या लेकरांबद्दल मला बोलायचा अधिकार कमी आहे, पण मेळघाटातल्या वाड्यांवर गुरांच्या लसीकरणाला गेलो की कोठ्यातलं वासरू अन् अंगणातलं लेकरू दोन्ही सोबतच दिसतात, म्हणून लिहितो. ढाक्याच्या मीरपूर वस्तीत मध्यम कुपोषित लेकरांवर एक चाचणी झाली, २०२१ ला छापून आली. हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ अन् कच्चं केळं, हे मिश्रण पोटातल्या कामाच्या जंतूंना सावरावं म्हणून निवडलं होतं. नेहमीच्या पूरक आहारापेक्षा त्यात कॅलरी कमी होत्या तरी वजन जास्त चांगलं वाढलं, अन् रक्तातली हाडांच्या वाढीशी जोडलेली प्रथिनंही सुधारली. त्यातले तीन जिन्नस आपल्या विदर्भात पिकतात. भुकेल्या लेकराला पहिले पोटभर पाहिजे, दवाखाना पाहिजे, चांगलं पाणी पाहिजे, हे जंतूंचं त्याच्या नंतरचं, तरी या दिशेचं काम आपल्याकडं व्हावं असं मला मनापासून वाटते.

बरं, आता पाठीकडं अन् पावडरीकडं.

पावडर आता घेऊ नका. यीस्टच्या काही उत्पादनांना रवंथवाल्या जनावरांत बरा आधार आहे, पण डब्यावर नुसतं "कोटी कोटी जंतू" लिहिलं म्हणजे ते जिवंत असतीलच असं नाही, आपल्या मे महिन्यात दुकानाच्या पत्र्याखाली ४५ च्या वर पारा जातो, तिथं महिनाभर पडलेल्या डब्यात काय उरलं असेल विचार करा. शिवाय गाईंचं पाहिलंच, मोठ्या जनावराचं पोट जुन्या वळणावर परत जातं, बाहेरून टाकलेला जंतू टिकायला त्याला रोजचं जेवण लागतं. जंतू वसायची खरी वेळ म्हणजे पहिले काही आठवडे. पुढच्या वेळी जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजा, पहिल्या दिवसात वजनाच्या साधारण दहावा हिस्सा चीक पोटात गेला पाहिजे, आई मेली तर दुसऱ्या व्यालेल्या बकरीचा. १०-१५ दिवसांपासून कोवळा पाला अन् मूठभर भरडा समोर ठेवा, चाटेल, सांडवेल, चालते. पाणी स्वच्छ. अन् पिल्लू निरोगी मोठ्या बकऱ्यांसोबत राहू द्या.

साडेचार महिन्यांच्या पाठीचं पोट पूर्ण गेलं असं नाही, उशीर झाला एवढंच, मी अशा पाठी सावरलेल्या पाहिल्या आहेत. बिस्किटं अन् पेज बंद, पण एकदम नाही, १०-१२ दिवसांत कमी करत जा. तुरीचं कुटार, बोरी-बाभळीचा पाला, थोडी सरकी ढेप हळूहळू वाढवा. रवंथ करते का ते दुपारी शांत बसून पाहा. जुने लोक निरोगी गाईच्या तोंडातला रवंथ काढून आजारी जनावराला चारत, आम्हीही निरोगी जनावराच्या पोटातलं पाणी नळीनं देतो, पण ते डॉक्टरच्या हातानं, देणारं जनावर तपासूनच करायचं. अन् अँटिबायोटिकच्या गोळ्या मनानं तोंडावाटे देऊ नका, मोठ्या पोटातली जंतूंची वस्ती त्यानं उजाड होते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत राशीवर पाठ सुटू नये हेही बघा, अशा कच्च्या पोटाला बिघडायला तेवढं एक कारण पुरते.

पण या सगळ्याच्या आधी एक काम, अन् ते उद्याच करा. मडक्यासारखं पोट, वजन नाही, हे जंतांचंही लक्षण आहे, जंतूंचं नाही, जंतांचं. खालची पापणी उलटून पाहा, लाल-गुलाबी आहे की पांढरी. ताज्या लेंड्या स्वच्छ डबीत घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या, जंताची अंडी अन् कॉक्सिडिया (आतड्यातले बारीक परजीवी) दोन्ही बघायला सांगा. मामाच्या पाठीच्याही लेंड्या न्या, दोन डब्यांवर नाव घालून. पापणी पांढरी असेल तर रिपोर्टची वाट पाहत बसू नका, पाठ घेऊनच दवाखान्यात जा.